नाव कुणाचे, सूर कुणाचे : पिंक फ्लॉइडचा 1987 चा अल्बम आणि त्याचे दुभंगलेले श्रोते

सप्टेंबर 1987 मध्ये पिंक फ्लॉइड ह्या ब्रिटिश रॉक बँडचा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' हा अल्बम प्रसिद्ध झाला, तेव्हा तो ऐकण्याआधीच पुष्कळांचे त्याविषयीचे मत ठरून गेलेले होते. ह्या बँडचा आधीचा अल्बम चार वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात ज्याने दशकभर ह्या बँडची बहुतेक सर्व गीते लिहिली तो रॉजर वॉटर्स बाहेर पडलेला, प्रकरण न्यायालयात गेलेले, आणि उरलेल्यांनी जुन्याच नावाने नवा अल्बम काढलेला. हा अल्बम चांगला की वाईट, हा प्रश्न श्रोत्यांपुढे आला; पण त्याच्याही आधी दुसरा एक प्रश्न उभा राहिला. हा अल्बम पिंक फ्लॉइडचा आहे काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याला इतके झाकोळून टाकले, की पुढची तीसेक वर्षे त्याचे निखळ श्रवण जवळजवळ अशक्य होऊन बसले. साहित्याच्या वर्गात आम्ही 'लेखक म्हणजे कोण' हा प्रश्न बार्थ आणि फूको ह्यांच्या निबंधांच्या आधारे शिकवतो. त्याच प्रश्नावर सामान्य श्रोत्यांनी, कुठल्याही सिद्धान्ताचा आधार न घेता, इतक्या तावातावाने भांडावे ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे भाग आहे. 1965 मध्ये लंडनमध्ये हा बँड उभा राहिला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्याचे पहिले चौघे. 'पिंक फ्लॉइड' हे नाव बॅरेटने दिले : पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल ह्या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची पहिली नावे त्याने एकत्र जोडली. 1967 चा पहिला अल्बम मुख्यतः बॅरेटच्याच गीतांचा होता. त्याचे मानसिक संतुलन ढळू लागले तेव्हा डेव्हिड गिल्मोर ह्याला बँडमध्ये घेण्यात आले आणि 1968 च्या वसंतात बॅरेट बाहेर पडला. त्या वेळी बँडचे व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग ह्यांनी बॅरेटबरोबर जाणे पसंत केले. ज्याने गाणी लिहिली, ज्याने नाव दिले, तो नसेल तर मागे राहिलेल्यांत काही दम नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. 1973 चा 'द डार्क साइड ऑफ द मून', 1975 चा 'विश यू वेअर हिअर', 1977 चा 'अ‍ॅनिमल्स', 1979 चा 'द वॉल' हे अल्बम ह्या मागे राहिलेल्यांनीच निर्माण केले.

1968 ची ही हकीकत आम्ही मुद्दाम आधी सांगितली. 1987 च्या वादात वॉटर्सच्या पक्षाचे सर्वांत मोठे प्रतिपादन हेच होते, की ज्याच्या कल्पनेवर बँड चालला तो गेल्यावर नाव वापरण्याचा अधिकार उरलेल्यांना नाही. परंतु ह्याच न्यायाने वॉटर्सलाही 1968 नंतर ते नाव वापरता आले नसते. नावासाठी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांपैकी कोणीही ते नाव ठेवलेले नव्हते. ज्याने ठेवले तो केंब्रिजमध्ये निवृत्त आयुष्य जगत होता आणि त्याला कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

तथापि दुसऱ्या पक्षाचीही बाजू वाटते तितकी सोपी नाही. 1973 पासून 1983 पर्यंतच्या अल्बमांतील शब्द जवळपास सर्वच वॉटर्सचे आहेत, आणि हळूहळू संकल्पना, रचनेचा आराखडा, रंगमंचीय कल्पनाही त्याच्याच होत गेल्या. 'द वॉल'च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी राइटला वॉटर्सच्या आग्रहावरून बँड सोडावा लागला, आणि पुढच्या कार्यक्रमांत तोच राइट पगारी वादक म्हणून वाजवीत राहिला. 1983 चा 'द फायनल कट' तर वॉटर्सचे स्वगतच म्हणावे असा आहे. दुसऱ्या महायुद्धात 1944 मध्ये इटलीतील अँझिओ येथे मारल्या गेलेल्या आपल्या वडिलांच्या स्मृतीला त्याने तो वाहिला. 'लेखक रॉजर वॉटर्स, सादरकर्ते पिंक फ्लॉइड' अशा अर्थाची विभागणी त्याच्या वेष्टनावरच छापलेली आहे. नाटककार आणि नाटक कंपनी असा तो संबंध. डिसेंबर 1985 मध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्यांना पत्र पाठवून वॉटर्स बाहेर पडला. ऑक्टोबर 1986 मध्ये त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. बँड सर्जनदृष्ट्या संपलेला आहे, तेव्हा त्याचे नाव कायमचे मिटवावे, अशी त्याची भूमिका होती. एखाद्या कवीने आपण लिहिणे थांबवल्यावर ते वृत्तच कोणी वापरू नये असे म्हणावे, तसे हे काहीसे झाले. अर्थात आमची ही उपमा अपुरी आहे हे आम्ही जाणतो. वृत्त सर्वांचे असते. नावाला बाजारात किंमत असते, आणि खरा झगडा त्या किमतीचाही होता.

ह्या पार्श्वभूमीवर गिल्मोरने टेम्स नदीवरील आपल्या 'अ‍ॅस्टोरिया' नावाच्या हाउसबोटीत नव्या अल्बमचे काम सुरू केले. ही बोट 1911 मध्ये फ्रेड कार्नो ह्या विनोदी नाटकांच्या कंपनीवाल्यासाठी बांधलेली. पिंक फ्लॉइडच्या पुनर्जन्माला असे नाटकवाल्याचे घर लाभले. निर्माता म्हणून बॉब एझ्रिन आला. 'द वॉल'चा तो सहनिर्माता, आणि वॉटर्सनेही आपल्या 'रेडिओ के.ए.ओ.एस.' ह्या स्वतंत्र अल्बमसाठी त्याच्याशी बोलणी केलेली, त्यामुळे कटुता आणखी वाढली. शब्दांची अडचण मोठी होती. गिल्मोर हा मुळात गिटारवादक आणि गायक. गीतलेखन हा त्याचा पिंड नव्हे. त्याने लिव्हरपूलचा कवी रॉजर मॅगफ ह्याच्यासह अनेकांकडे चाचपणी केली आणि शेवटी अँथनी मूर ह्याच्याबरोबर काही गीते लिहिली. मेसनचा ड्रमवरचा हात इतक्या वर्षांत बसलेला नव्हता. पुष्कळ ठिकाणी जिम केल्टनर, कार्माइन अपीस असे बाहेरचे वादक आणि यंत्रावरचे ताल वापरले गेले. राइट काम बरेच पुढे गेल्यावर आला. कायदेशीर अडचणींमुळे त्याला सभासद म्हणून घेता आले नाही. वेष्टनावर त्याचे नाव इतर वादकांच्या यादीत आहे आणि आतल्या पानावर डेव्हिड बेलीने टिपलेल्या छायाचित्रात केवळ गिल्मोर आणि मेसन असे दोघेच दिसतात.

एवढे कळल्यावर विरोधकांचे म्हणणे बिनतोड वाटू लागते. शब्द बाहेरच्याचे, ताल बाहेरच्यांचे, कीबोर्ड बव्हंशी बाहेरच्यांचे. मग पिंक फ्लॉइडचे उरले काय? वॉटर्सने ह्या अल्बमला 'चलाख बनावट' अशा अर्थाचे विशेषण लावले आणि त्याच्या चाहत्यांनी ते उचलून धरले. पण 'बनावट' हा शब्द जरा थांबून पाहावा. बनावट नोट ही ओळखू येईल इतकी खरी असल्याखेरीज चालत नाही. बनावट चांगली आहे असे म्हणणारा, मूळ वस्तूची लक्षणे तिच्यात आहेत हे कबूल करीतच असतो. गिल्मोरच्या बाजूचे श्रोते वेगळ्या शब्दांत हेच सांगत होते : 'द फायनल कट'मध्ये हरवलेला तो विस्तीर्ण, सावकाश उलगडणारा ध्वनी इथे परत आला आहे. लांबत जाणारे गिटारचे स्वर, वाद्यांच्या मधली मोकळी जागा, गाण्याला लागण्यापूर्वीचे दीर्घ प्रास्ताविक ह्या गोष्टी त्यांना पिंक फ्लॉइड ह्या नावाचा खरा आशय वाटत होत्या. त्यांच्या लेखी 1983 चा अल्बमच मुळात एकट्या वॉटर्सचा होता, आणि 1987 चा अल्बम हे घरी परतणे होते.

म्हणजे तट पडले ते आवडीनिवडीवरून नव्हेत. एका पक्षासाठी पिंक फ्लॉइड म्हणजे एक दृष्टी होती, दुसऱ्यासाठी एक ध्वनी. हा भेद आपल्या समीक्षेला अपरिचित नाही. आशय आणि अभिव्यक्ती ह्यांच्या मर्ढेकरी चर्चेत वाढलेल्या वाचकाला तो चटकन ओळखू येईल. मात्र इथे तो कागदावरचा भेद नव्हता. दृष्टी एका माणसाच्या मालकीची आणि ध्वनी दुसऱ्याच्या बोटांतला, अशी त्याची प्रत्यक्ष फाळणी झालेली होती. 1987 च्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत दोघांचे दौरे एकाच वेळी चालू होते. गिल्मोर-मेसन ह्यांचा बँड भल्यामोठ्या मैदानांत, आणि वॉटर्स त्यामानाने लहान सभागृहांत. दोघेही 1970 च्या दशकातील तीच गाणी सादर करीत होते. नावाच्या बळावर गर्दी कुणाकडे गेली ते सांगायला नकोच. ह्या दौऱ्याच्या खर्चासाठी मेसनने आपली 1962 ची फेरारी मोटार तारण ठेवली होती. आणि 'अ‍ॅनिमल्स'च्या काळापासून मैफलींत उडणाऱ्या फुगवलेल्या डुकरावर वॉटर्सने आपला हक्क सांगितला, तेव्हा प्रतिपक्षाने त्या डुकराला वृषणे जोडून ते 'वेगळे' असल्याचे दाखवले! उच्च कलेच्या स्वामित्वाचा निवाडा असाही होतो. 23 डिसेंबर 1987 रोजी त्याच हाउसबोटीवर तडजोड झाली. नाव गिल्मोर आणि मेसन ह्यांच्याकडे राहिले, 'द वॉल' वॉटर्सकडे गेला.

आपल्याकडे 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तो प्रसंग इथे आठवल्यावाचून राहत नाही. तिथे नाव मागे राहिले आणि आवाज बाहेर पडला. प्रेक्षक आवाजाच्या मागे गेला. इथे शब्द बाहेर पडले, आवाज नावाबरोबर राहिला, आणि बहुसंख्य श्रोते पुन्हा आवाजापाशीच थांबले. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्येच वारले होते, तरी त्यांच्या पश्चात मंडळी अनेक वर्षे चालली आणि 1911 चे 'मानापमान' तिनेच रंगभूमीवर आणले. संस्थापक गेला म्हणून नाव खोटे झाले असे त्या वेळी कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. तुलना फार ताणू नये. नाटक मंडळीकडून प्रेक्षकाची अपेक्षा नाटकाची असते, तर रॉक बँडकडून तो आत्मकथन मागतो. गाणारा स्वतःचेच बोलतो आहे, ही त्या संगीतप्रकाराची जवळजवळ नैतिक अट आहे, आणि 1987 च्या अल्बमवरील रोषाचे मूळ आमच्या मते इथे आहे. शब्द उसने आहेत हे कळल्यावर श्रोत्याला फसवले गेल्यासारखे वाटते. ठुमरी ऐकताना ती रचना कुणाची असा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

आता खुद्द अल्बमकडे वळू. आमचे मत सांगायचे तर हा असमान अल्बम आहे. 'द डॉग्ज ऑफ वॉर' हे गीत युद्धखोर आणि नफेखोर ह्यांच्यावरचा संताप ओढूनताणून आणते. वॉटर्सच्या उपरोधाची नक्कल इथे उघडी पडते, आणि 'बनावट' हा शब्द कुठे लागू पडत असेल तर तो ह्या गाण्याला. 'अ न्यू मशीन'चे दोन तुकडे म्हणजे यंत्रातून गाळलेल्या आवाजाचा प्रयोग, त्यापलीकडे फारसे नाही. 'लर्निंग टु फ्लाय' मात्र कुणाचीही नक्कल करीत नाही. गिल्मोर आणि मेसन दोघेही विमान चालवायला शिकलेले. गाण्याच्या मध्यभागी उड्डाणापूर्वीच्या तपासणीचा मेसनचा आवाज ऐकू येतो. मोठ्या सावलीतून बाहेर पडून नव्याने काही शिकू पाहणाऱ्या माणसाची धाकधूक त्यात आहे. आणि शेवटचे 'सॉरो'. हे एकट्या गिल्मोरने लिहिले. त्याच्या आरंभावर स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ह्या कादंबरीची छाया आहे. त्याच्या सुरुवातीचा गिटारचा तो प्रचंड, गुरगुरणारा ध्वनी लॉस एंजेलिसच्या एका क्रीडागाराच्या मोकळ्या पोकळीत, तिथल्या ध्वनिक्षेपकांतून वाजवून मुद्रित केलेला आहे. रिकाम्या प्रेक्षागाराचा तो आवाज आम्हांला कुठल्याही शब्दांहून अधिक बोलका वाटतो.

शब्दांची तुलना मात्र करायलाच हवी, कारण निष्ठावंतांचा आक्षेप तिथे सर्वांत टोकदार आहे. 'द फायनल कट'मध्ये विशेषनामे पदोपदी येतात : थॅचर, ब्रेझनेव्ह, बेगिन, गाल्तिएरी. 1982 चे फॉकलंडचे युद्ध त्या अल्बमच्या ऐन मध्यावर आहे. 1987 च्या अल्बममध्ये सामान्यनामे आहेत : नदी, रात्र, पंख, वारा, धूर. 'ऑन द टर्निंग अवे' हे दुर्बलांकडे पाठ फिरवू नका असे सांगणारे गीत, पण कोणाचे दुर्बल, कोणत्या देशातले, कोणी पाठ फिरवली, ह्यातले काहीही त्यात नाही. साहित्याचा अध्यापक म्हणून आमचे माप वॉटर्सच्या बाजूला झुकते. नेमके नाव घेणाऱ्या कवीला किंमत मोजावी लागते आणि ती वॉटर्सने मोजली. तरी एक कबुली दिली पाहिजे. आम्ही हे दोन्ही अल्बम प्रथम ऐकले ते वसतिगृहात, एकावरून दुसऱ्यावर उतरवलेल्या कॅसेटांवर. त्यांवर वेष्टन नव्हते, छायाचित्र नव्हते, कोण सभासद आणि कोण पगारी ह्याची यादी नव्हती. फॉकलंड बेटे आम्हांला नकाशात शोधावी लागली. 'ऑन द टर्निंग अवे'साठी काहीच शोधावे लागले नाही. एसटी स्थानकाबाहेर रोज दिसणारी माणसे त्या गाण्यात आपसूक येऊन बसली. त्या गीताच्या संदिग्धतेनेच आम्हांला आत घेतले. वाद कळला तो पुष्कळ नंतर, आणि कळल्यावर आमच्यातही लगेच दोन तट पडले! आमच्यापैकी एकाने तर तो अल्बम कित्येक वर्षे लावला नाही. पूर्वी आवडलेले गाणे, ते कोणी आणि कसे केले हे कळल्याने नावडते होते, ह्या घटनेचा उलगडा आम्हांला अजून पुरता झालेला नाही.

पुढची कथा वेगाने सांगता येईल. राइट हळूहळू परतला आणि 1994 च्या 'द डिव्हिजन बेल'पर्यंत पुन्हा सभासद झाला. 2 जुलै 2005 रोजी लंडनमध्ये 'लाइव्ह एट'च्या मंचावर चौघेही एकत्र वाजले. टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 मध्ये झालेल्या 'संयुक्त मानापमाना'सारखाच तोही एका सार्वजनिक कार्यासाठी घडलेला योग, आणि चौघांच्या ह्या योगाची पुनरावृत्ती झाली नाही. 2006 मध्ये बॅरेट गेला, 2008 मध्ये राइट. 2013 मध्ये वॉटर्सने बीबीसीवरील मुलाखतीत, न्यायालयात जाणे ही आपली चूक होती, असे मान्य केले. समेट मात्र टिकला नाही. आता भांडणाचे विषय राजकीय झाले आहेत आणि चाहत्यांचे जुने तट त्या विषयांवरही जसेच्या तसे उभे राहिलेले दिसतात.

ह्या सगळ्याहून आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती 2019 मधील घटना. त्या वर्षी 'द लेटर इयर्स' ह्या संचात 1987 चाच अल्बम नव्याने घडवून समाविष्ट करण्यात आला. 2021 मध्ये तो स्वतंत्रपणेही निघाला. ह्या पाठात मेसनने ड्रमचे भाग पुन्हा वाजवले. राइटचे कीबोर्ड 1987 नंतरच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून काढून इथे बसवण्यात आले. 1980 च्या दशकाची म्हणून ओळखली जाणारी यंत्राची चमक पुष्कळशी पुसून टाकली गेली. म्हणजे 1987 मध्ये जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते बत्तीस वर्षांनी घडवण्यात आले.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे प्रकरण विलक्षण आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती इतरांनी घातलेली भर काढून टाकण्यासाठी. मूळ संहिता होती असे गृहीत धरूनच ते काम होते. वर्ड्स्वर्थने 'द प्रिल्यूड' आयुष्यभर बदलले. 1805 चा पाठ की 1850 चा, हा वाद इंग्रजीचे अध्यापक अजून घालतात, पण दोन्ही पाठ निदान त्याच्याच हातचे आहेत. इथे बाहेरच्यांचे हात काढून त्या जागी घरच्यांचे हात बसवले गेले. तेही अशा मूळ संहितेत, जिच्यात ते हात फारसे नव्हतेच. चाहत्यांनी ह्याचे केलेले अर्थही ठरल्याप्रमाणे दोन. एका पक्षाने म्हटले : पाहा, 1987 चा अल्बम पिंक फ्लॉइडचा नव्हता हे त्यांनी स्वतःच कबूल केले. दुसऱ्याने म्हटले : आता तरी तो झाला ना?

आम्ही दोन्ही पाठ लागोपाठ लावून ऐकले. नवा पाठ अधिक मोकळा आहे, 'सॉरो'ला त्यात श्वास मिळाला आहे, आणि राइटचे स्वर जिथे येतात तिथे गाणे आपोआप जुन्या घरातले वाटू लागते. तरीही 1987 चा तो काहीसा थंड, यांत्रिक, धास्तावलेला आवाज आम्हांला अधिक खरा वाटतो. खटला डोक्यावर असताना, हात बसलेला नसताना, शब्द सापडत नसताना दोन माणसांनी केलेले ते काम आहे आणि त्या अवस्थेचा दस्तऐवज म्हणून तो पाठ पुसला जाऊ नये असे आम्हांला वाटते. आमच्यापैकी ज्याने तो अल्बम वर्षानुवर्षे लावला नव्हता, त्याचे मत मात्र उलट आहे. तो आता नवा पाठच ऐकतो आणि म्हणतो, राइटला जे तेव्हा दिले गेले नाही ते उशिरा का होईना दिले गेले. ह्यावर आमचे उत्तर एवढेच, की ते देण्यात आले तेव्हा राइटला जाऊन अकरा वर्षे झाली होती. ते स्वर त्याने ह्या ध्वनिमुद्रणासाठी वाजवलेच नव्हते, आणि ते इथे जोडावेत की नाही हे त्याला विचारणे शक्य नव्हते.